सीटखालचं पाणी

आज थोडं वेगळं बोलणार आहे. एक प्रश्न आधी. फोन पाण्यात पडला की तुम्ही काय करता? शंभरातले नव्वद जण म्हणतील, तांदळाच्या डब्यात घालतो. आमच्या शहापूर-मुरबाडात तर घरोघरी भाताची कणगी, त्यामुळे हा उपाय फारच सोपा. पण अॅपल कंपनीने २०२४ मध्ये स्वतःच्या माहितीपानावर लिहिलं, ओला फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन आणखी नुकसान होऊ शकतं. तांदूळ बाहेरची हवा थोडीफार कोरडी करत असेल, पण चिपच्या खाली शिरलेलं पाणी तो ओढून काढत नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, तांदळात ठेवलेल्या फोनची बॅटरी आत जोडलेलीच असते. खरा घोळ तिथे आहे.

हीच गोष्ट मला एका गाडीने शिकवली. महाग शिकवली. मी शहापूरला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. सेल्फ, अल्टरनेटर, हेडलाईट, सेंट्रल लॉक. पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर, रिक्षा, हेच रोजचं गिऱ्हाईक. पण शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत गेल्या वीस वर्षांत फार्महाऊस किती झालेत ते तुम्हाला माहीत आहे. मुंबई-ठाण्याची मंडळी शनिवार-रविवार येतात. आणि त्यांच्यातले काही हौशी लोक शहरात पार्किंग नाही म्हणून एखादी जुनी, आवडीची गाडी इकडच्या शेडमध्ये ठेवून देतात. आम्ही गंमतीने म्हणतो, भातसा-तानसाचं पाणी इथून मुंबईला जातं, आणि मुंबईच्या गाड्या इथे येऊन पाणी पितात.

तर अशीच एक गाडी. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. दोन सीटची, कापडी टप मागे दुमडणारी, २००० सालच्या आसपासची, बाहेरून आलेली स्पोर्ट्स कार. मालक निवृत्त गृहस्थ, मी त्यांना काका म्हणतो. सरळगावच्या पुढे आत त्यांची जागा आहे. जुलैचा शेवटचा आठवडा होता. पाऊस असा की रायत्याचा पूल चालू आहे का बंद, हे सकाळी फोन करून विचारावं लागत होतं. काकांचा फोन आला, "अरे, गाडी रिमोटने उघडतच नाही. चावी लावून दार उघडलं तर आत दिवापण लागत नाही. बॅटरी गेली वाटतं. येतोस का?"

मी शहापूरहून शेणवा, किन्हवली करत सरळगावला उतरलो. पोचायला उशीर झाला होता, संध्याकाळी दुकानावर एक पिकअप उभी होती ती द्यायची होती. म्हणजे डोक्यात घाई. शेडमध्ये गेलो. वर पत्रा आहे, गाडीला कव्हर घातलंय, टप बंद आहे, काचा बंद. कुठे पाणी दिसलं नाही. जागा राखणारे दादा म्हणाले, "कवरला भायेरून पानी लागतं जरा, आत काय नाय." मी मीटर लावला, बॅटरीत चार व्होल्टपण नव्हते. म्हटलं झालं, महिनाभर उभी होती, उतरली. माझ्या गाडीतून जंप केबल काढली आणि लावली.

दोन सेकंद सगळे दिवे एकदम लागले. हॉर्न वाजला, थांबला. टपाची मोटर आपोआप अर्धा सेकंद घुरघुरली. आणि मग सीटखालून एक वास आला. ज्याने कधी सोल्डरिंग केलंय त्याला तो वास माहीत आहे. मी केबल ओढून काढली, पण तोवर काम झालं होतं.

गालिच्यावर हात दाबला. वरून कोरडा, आणि दाबला तर बोटांमधून पाणी वर आलं. ड्रायव्हर सीटच्या खाली दोन बोटं पाणी साचलं होतं. आणि त्या पाण्यात एक काळा डबा बसला होता. सेंट्रल लॉक, अलार्म आणि इमोबिलायझर, तिन्हींचं डोकं त्या एका डब्यात. इमोबिलायझर म्हणजे चावी ओळखणारी यंत्रणा. चावी ओळखली नाही तर इंजिन चालूच होऊ देत नाही. तो डबा मेला म्हणजे गाडी मेली, इंजिन कितीही चांगलं असो.

आता इथे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. पाण्याने इलेक्ट्रॉनिक्स नक्की कसं मरतं?

लोकांना वाटतं पाणी लागलं की लगेच शॉर्ट, खेळ खलास. तसं नेहमी होत नाही. पावसाचं पाणी तसं पुष्कळ स्वच्छ असतं. पण ते गालिच्यातली धूळ, माती, घामाचं मीठ, पानांचा कुजका रस घेऊन येतं आणि मग त्यातून वीज वाहू लागते. बोर्डावर दोन तांब्याच्या रेषा शेजारी शेजारी आहेत, एकीवर बारा व्होल्ट, दुसरीवर शून्य, आणि मध्ये हे पाणी. म्हणजे तयार झाला छोटासा मुलामा देण्याचा कारखाना. पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळतं, पाण्यातून दुसऱ्या बाजूला सरकतं, आणि तिथे झाडाच्या मुळांसारखे बारीक तंतू वाढतात. ते तंतू पलीकडे टेकले की शॉर्ट. टेकले नाहीत तरी इकडची रेषा खाऊन खाऊन तुटते. तो हिरवट थर तुम्ही बॅटरीच्या टर्मिनलवर पाहिला असेल, तोच प्रकार.

म्हणजे नुकसानीला दोन गोष्टी लागतात. पाणी आणि वीज. पाणी आहे पण वीज नाही, तर गंज चढतो पण हळू. वीज आहे पण पाणी नाही, तर काहीच होत नाही. दोन्ही एकत्र आले की तासातासाला नुकसान.

आणि गाडी बंद असली तरी वीज बंद नसते. वायरिंगवाल्यांच्या भाषेत तीस नंबरची लाईन. जर्मन नंबरपद्धतीत तीस म्हणजे बॅटरीतून थेट, कायम चालू. पंधरा म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी. एकतीस म्हणजे अर्थ. घड्याळ, अलार्म, लॉक, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, हे सगळे तीस नंबरवर. म्हणजे ज्या डब्यात पाणी शिरलं त्याला चोवीस तास वीज मिळत होती.

आता त्या काकांच्या गाडीत काय झालं असेल ते बघा. पाणी साचलं. डबा ओला झाला. डबा नीट झोपेना, म्हणजे गाडी बंद केल्यावर जी यंत्रणा शांत व्हायला हवी ती जागीच राहिली. चांगल्या गाडीत बंद असताना साधारण पन्नास मिलीअँपिअरच्या आत करंट जातो. पन्नास मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला एक पूर्णांक दोन अँपिअर-तास. साठची बॅटरी कागदावर पन्नास दिवस पुरते. पण तेच सहाशे मिलीअँपिअर जायला लागले तर दिवसाला चौदा, म्हणजे चार दिवसांत बॅटरी संपली. बॅटरी संपली आणि गंमत बघा, संपलेल्या बॅटरीने त्या डब्याला वाचवलं. वीजच उरली नाही, म्हणून नुकसान जवळजवळ थांबलं. आणि मग मी गेलो आणि ओल्या डब्याला भरपूर ताकदीची वीज दिली.

मी आधी गालिच्यावर हात दाबला असता तर? डबा काढून, धुऊन, सुकवून मग वीज दिली असती तर तो कदाचित वाचला असता. कदाचित. खात्रीने कोणी सांगू शकत नाही. पण ती संधी मी घालवली.

काका बाहेर व्हरांड्यात बसले होते. चहा आला होता. मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? "पाण्याने डबा आधीच गेलेला होता" एवढं बोललो असतो तर कोणालाही काही कळलं नसतं. ते खोटंही शंभर टक्के नव्हतं. या काकांनी मला आजूबाजूच्या पाच-सहा फार्महाऊसची कामं दिली होती. त्या डब्याची नवीन किंमत अधिक बाहेरून मागवणं अधिक कोडिंग, एवढ्यात चांगली सेकंडहँड मोटरसायकल येते. चहा अर्धा होईपर्यंत मी गप्प होतो. मग सांगितलं. म्हटलं, "काका, पाणी आधीपासून होतं, पण मी न बघता जंप दिला. बघायला पाहिजे होतं. डबा माझ्या हातून गेलाय."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाणी आलं कुठून ते आधी शोध. डब्याचं नंतर बघू." मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांचं बरोबर होतं. नवीन डबा त्याच डबक्यात बसवून काय उपयोग?

पाणी कुठून आलं? मंडळी, तुमच्याकडे उघड्या टपाची गाडी नसेल, तरी ऐका, कारण सनरूफवाल्या गाड्यांना हेच लागू आहे आणि सनरूफ आता लहान गाडीतही येतं. लोकांना वाटतं कापडी टप म्हणजे कापडातून पाणी गळलं. बहुतेक वेळा तसं नसतं. टप जिथे मागे बॉडीला मिळतो तिथे खाली एक पन्हळ असते. टपावरून आलेलं पाणी त्या पन्हळीत पडावं, आणि नळीतून गाडीच्या खाली रस्त्यावर जावं, अशीच रचना असते. म्हणजे पाणी आत येणारच असं बनवणाऱ्यांनी धरलेलं असतं. फक्त त्याला जायला वाट ठेवलेली असते. सनरूफलाही चार कोपऱ्यांत अशाच नळ्या असतात.

ही वाट बंद झाली की पन्हळ भरते, आणि पाणी दुसरी वाट शोधतं. ती वाट म्हणजे गाडीचं पोट. काकांच्या शेडच्या बाजूला आंब्याचं मोठं झाड आहे. मे महिन्यात मोहराचा कचरा, वाळकी पानं, सगळं उडून टपाच्या घडीत गेलं. जूनमध्ये त्याचा चिखल झाला आणि दोन्ही नळ्यांना बूच बसलं. शेडचा पत्रा एका बाजूने आखूड होता. वारा त्या बाजूने आला की झड थेट गाडीवर. कव्हर ओलं राहायचं आणि त्यातून थेंब थेंब. महिनाभर थेंब थेंब म्हणजे बादल्या.

गाडी आणि मॉडेलप्रमाणे पाणी साचायची जागा बदलते. माझदाची एमएक्स-५, १९८९ पासून आलेली, जगभर खपलेली छोटी दोन सीटची गाडी. तिच्या जुन्या मॉडेलांत निचऱ्याच्या नळ्या सीटच्या मागे खांबांमधून खाली जातात, आणि बॅटरी डिकीत असते. म्हणून तिथे सीटमागचा गालिचा आणि डिकीचा तळ तपासायचा. १९९६ मध्ये आलेल्या मर्सिडीजच्या एसएलकेमध्ये सेंट्रल लॉकचा हवेचा पंप डिकीत बसवलेला आहे, डिकीत पाणी आलं की लॉक बंद. सगळ्यांना एकच नियम. जिथे गाडीचा तळ सगळ्यात खोल आहे, तिथे कोणता डबा आहे, हे माहीत करून घ्या. जुनी थारची कापडी टपाची गाडी किंवा जिप्सी मात्र या बाबतीत नशीबवान. पाणी आत येणार हे गृहीत, तळाला बुचं, बूच काढलं की पाणी गेलं. आणि आत डबेच कमी.

आता आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. हे लिहून ठेवा.

पहिलं, बॅटरीची निगेटिव्ह सोडली. मेलेली असली तरी सोडली. 

दुसरं, दहा-पंधरा मिनिटं थांबलो. कारण सीट काढायची होती, आणि सीटला एअरबॅगची किंवा पट्टा ओढणाऱ्या यंत्रणेची वायर असू शकते. ती कनेक्टर बहुतेक पिवळ्या रंगाची असते. एअरबॅगच्या डब्यात वीज काही वेळ साठून राहते, म्हणून थांबायचं. पिवळ्या वायरवर मीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावायचा नाही. आणि पिवळा कनेक्टर सुटा असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

तिसरं, सीट काढली, गालिचा उचलला. गालिच्याखाली जाड फोम असतो. तो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. वरचा गालिचा पंख्याने दोन दिवसांत कोरडा होतो आणि खालचा फोम महिनाभर ओलाच राहतो. म्हणून फोम बाहेर काढूनच सुकवायचा. जुलैत ऊन कुठलं? काकांच्या एका रिकाम्या खोलीत दोरी बांधली, पंखा लावला, पाच दिवस. तोवर जमिनीवरचं पाणी फडक्याने टिपून काढलं.

चौथं, नळ्या मोकळ्या केल्या. इथे एक चूक सगळे करतात, कंप्रेसरची हवा जोरात मारतात. जुनी नळी आतल्या जोडातून निसटते, आणि मग पाणी कायमचं आत. आम्ही गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घेतली. जाड, वाकणारी, टोकाला धार नाही. हळूहळू आत सरकवली. खालून काळा चिखल पडला, त्यात आंब्याच्या मोहराच्या काड्या. मग वरून तांब्याने थोडं थोडं पाणी ओतलं आणि खाली बघितलं. दोन्ही बाजूंनी चाकाजवळ धार लागली तेव्हा काका पहिल्यांदा हसले.

पाचवं, वायरी. पाणी वायरच्या रबरी आवरणाच्या आतूनही चढतं, दिव्याची वात तेल ओढते तसं. म्हणून कनेक्टरपासून थोडं मागे आवरण तपासायचं. आत तांबं काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन जोडायचा, सोल्डर करायचा, उष्णतेने आवळणारी नळी चढवायची. नुसती पिळून टेप मारायची नाही. टेप मारलेला जोड दोन पावसाळे काढतो, तिसऱ्यात परत येतो. अर्थचे नटबोल्ट उघडून घासले. जोड चांगला आहे का हे बघायला मीटर ओहमवर नाही, व्होल्टवर लावायचा. दिवे किंवा मोटर चालू ठेवून, बॅटरीचं निगेटिव्ह आणि त्या अर्थच्या मध्ये. साधारण एकदशांश व्होल्टच्या आत दिसलं तर ठीक. जास्त दिसलं तर तिथे गंज आहे.

आता डबा. इथे माझं ज्ञान संपलं आणि मी ते मान्य केलं. मी तारांचा माणूस. बोर्डावर दाण्याएवढे भाग असतात, ते माझ्या डोळ्यांना दिसतही नाहीत. कल्याणला मोबाईल दुरुस्त करणारा एक पोरगा आहे, माझ्या भाच्याचा मित्र. त्याच्याकडे मायक्रोस्कोप, गरम हवेची गन, सगळं. त्याने कधी गाडीचा डबा उघडला नव्हता. म्हणाला, "मामा, बोर्ड ते बोर्ड. आणा." डबा घेऊन लोकलने गेलो, आसनगाव ते कल्याण.

त्याने डबा उघडला आणि मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. मी आधी जे सांगितलं ना, तांब्याची मुळं, ती मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. हिरवा-पांढरा थर, आणि वीज येते त्या पायाशेजारची रेषा पूर्ण खाल्लेली. ते जुनं नुकसान, महिन्याभरातलं. आणि बाजूला वीज नियंत्रित करणारी चिप, तिच्या मधोमध एक फोड. तो फोड माझा. जंप केबलचा. तो पोरगा काही बोलला नाही, पण मी त्या फोडाकडे बराच वेळ बघत होतो.

त्याने बोर्ड नव्व्याण्णव टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, मऊ ब्रशने. तुम्ही म्हणाल पाण्याने बिघडलेलं पुन्हा ओलं का करायचं? कारण नुसतं सुकवलं तर पाणी जातं, मीठ आणि घाण तिथेच राहते. पुढच्या पावसात हवेतला ओलावा धरून ती पुन्हा काम सुरू करते. अल्कोहोल घाण सोडवतं, पाण्याला बरोबर घेऊन उडून जातं. साधं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात. पेट्रोल तर नकोच. आणि हे काम उघड्या खिडकीजवळ, आग-सिगारेट लांब ठेवून करायचं.

तरी डबा चालू झाला नाही. पण त्या बोर्डावर आठ पायांची एक छोटी मेमरी चिप असते. चावीची ओळख तिच्यात साठवलेली. वीज गेली तरी ती विसरत नाही. पोराने ती चिप गरम हवेने उचलली, रीडरमध्ये घालून वाचली. एकदा वाचली, परत वाचली, दोन्ही फाइल तंतोतंत सारख्या आहेत का तपासलं. सारख्या होत्या. तो म्हणाला, "मामा, डोकं गेलंय पण आठवण शाबूत आहे."

मग आम्हाला नवीन डबा लागत नव्हता, जुना चालणार होता, फक्त पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा पाहिजे. काकांच्या ओळखीने अशा गाड्यांच्या हौशी लोकांमधून एक मिळाला, तीन आठवड्यांनी आला. त्यात जुन्या चिपमधली माहिती उतरवली. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चावीची ओळख एका डब्यातून दुसऱ्यात नेणं हे काम चोरही करतात. त्या पोराने काम हातात घेण्याआधी गाडीचं आरसी आणि काकांचं ओळखपत्र बघितलं, फोटो काढून ठेवला. मला राग आला होता, माझ्यावर विश्वास नाही का म्हणून. नंतर कळलं, त्याचंच बरोबर. तुम्ही या धंद्यात येणार असाल तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

डबा बसवताना आम्ही त्याला पुन्हा खड्ड्यात ठेवलं नाही. दोन पट्ट्या लावून थोडा वर उचलला, कनेक्टरचं तोंड खालच्या बाजूला. वायरीला डब्याच्या आधी खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरवरून थेंब ओघळला तरी झोळातून खाली गळेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही. घरावरून येणाऱ्या विजेच्या केबलला आपण असाच झोळ ठेवतो. फुकटचा उपाय आहे.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी सीट बसवली, पिवळा कनेक्टर लावला, मग बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी चावी. या वेळी केबल लावण्याआधी मी दहा वेळा गालिचा दाबला. काका म्हणाले, "बस कर, भोक पडेल." गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली.

डबा, कुरिअर आणि त्या पोराची मजुरी काकांनी दिली. माझी मजुरी मी घेतली नाही. त्यांनी दोनदा देऊ केली, मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "मग दर वर्षी मे महिन्यात नळ्या साफ करून दे, त्याचे घे." ते घेतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे स्पोर्ट्स कार? म्हणून शेवटची पाच मिनिटं तुमच्यासाठी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई-ठाण्यात हजारो गाड्या बुडाल्या. आणि ७ जुलै २०२४ ला आपल्याच शहापूरला भारंगी नदी घरांत शिरली, दारातल्या गाड्या पाण्यात गेल्या. तुमच्यापैकी काहींच्या असतील. अशा गाड्या पुढे कुठे जातात? धुऊन, पॉलिश करून, सेंट मारून बऱ्याचशा बाजारात येतात. आणि तुमच्यासारखा पहिल्या पगाराचा पोरगा ती घेतो.

सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा सीटबेल्ट पूर्ण टोकापर्यंत बाहेर ओढा. लोक गाडी धुतात, पण गुंडाळलेला पट्टा कोणी धूत नाही. शेवटच्या भागात चिखलाची रेघ असेल तर समजा. सीटखाली मोबाईलचा टॉर्च मारा, सीटच्या नटांना गंज आहे का, कनेक्टरमध्ये हिरवं आहे का. डिकीत स्टेपनी उचला. गालिचा दाबा, कोपरा उचला, वास घ्या. आत सेंटचा फार घमघमाट असेल तर सगळ्या काचा बंद करून दहा मिनिटं बसा, खरा वास वर येतो. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागतच नसेल तर कोणीतरी तो काढून टाकलाय. आणि विम्याचा मागचा क्लेम इतिहास मागा.

स्वतःची गाडी पाण्यात गेली तर चालू करून बघू नका. पाणी इंजिनात गेलं असेल आणि तुम्ही सेल्फ मारला, तर पिस्टन पाण्याला दाबायला जातो. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि विमा कंपनी म्हणू शकते की हे पुराने नाही, तुमच्या सेल्फने झालं. साध्या विम्यात इंजिनाचं असं नुकसान बहुतेक धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर तुमच्या स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. म्हणून, हात पोचत असेल आणि पाणी ओसरलं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह सोडा, फोटो काढा, ढकलून किंवा टो करून गॅरेजला न्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड गाडी असेल तर मात्र काहीच सोडायला जाऊ नका. नारिंगी केबलपासून लांब राहा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा.

फोनचंही तेच. पडला की लगेच बंद करा. चार्जिंगला लावू नका. चालतो का ते बघायला पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. पुसा, आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या, तो आतली बॅटरी सोडेल आणि बोर्ड धुईल. तांदूळ भातासाठी ठेवा.

पाणी दिसलं की आपल्या सगळ्यांना एकच घाई असते, चालू करून बघायची. मलाही होती, आणि वीस वर्षं हे काम करून होती. त्या फोडाचा फोटो त्या पोराने मला पाठवला होता. तो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे, आणि नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला तो दाखवतो.

काकांच्या शेडचा पत्रा आता दोन फूट लांबवलाय. आणि जूनचा पहिला पाऊस पडला की जागा राखणारे दादा मला व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ पाठवतात. गाडीच्या मागच्या चाकाजवळ, दोन्ही बाजूंनी, पाण्याची बारीक धार जमिनीवर पडते आहे. खाली दादांचा आवाज, "दोन्ही चालू हायेत." एवढंच. 

तुमच्या गाडीची, सनरूफची नळी शेवटची कधी तपासली होती? आजच तांब्याभर पाणी ओतून बघा. भेटू पुढच्या भागात. पावसात जपून चालवा.